पांढुर्ण्याचा पाऊस आणि आत्तीची पद्मिनी

आमच्या घरात 'आत्ती' हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. माझी ती वडिलांची बहीण, म्हणून आत्ती. माझी पत्नी धारवाडकडची. तिच्या कन्नडमध्ये सासूच्या नात्यातल्या सगळ्याच अत्ती. त्यामुळे लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला हाक शिकवावी लागली नाही.

ही आत्ती बेळगावहून फार दूर, सौसरला दिली. आमचे आजोबा पोस्टात होते. बदलीवर नागपूरला असताना ही सोयरीक जमली. त्याला साठ वर्षं होऊन गेली. सौसर आणि शेजारचं पांढुर्णा ही दोन्ही गावं मध्य प्रदेशात, सातपुड्याच्या पायथ्याला, विदर्भाला अगदी खेटून. काळी जमीन, कापूस, आणि जिकडं पाणी आहे तिकडं संत्र्याचे बाग. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली. त्या दिवशी आमचं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि त्याच दिवशी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र तिथंच राहिला, आणि त्याबरोबर पांढुर्णा-सौसरचे मराठी लोकही. म्हणजे आत्ती एका सीमेवरून उठली आणि दुसऱ्या सीमेवर जाऊन बसली. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.

२०२५ च्या पोळ्याला आम्ही दोघं तिकडं गेलो. आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला होऊन जातो, मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैलही पुजून होतात. इथं मात्र बैलांचा सण श्रावण अमावास्येला. त्या वर्षी पोळा २२ ऑगस्टला, शुक्रवारी आला होता. आम्ही गुरुवारी दुपारी नागपूर-इटारसी मार्गावरच्या पांढुर्णा स्टेशनवर उतरलो. आतेभाऊ नोकरीला पांढुर्ण्यातच असतो. सणासाठी तो सौसरला निघणार होता आणि आम्हाला बरोबर नेणार होता. स्टेशनाबाहेर तो उभा होता, आणि त्याच्यामागं आतोबांची पांढरी प्रीमियर पद्मिनी.

या गाडीविषयी थोडं सांगायला हवं. १९९१ साली संत्र्याला चांगला भाव मिळाला तेव्हा आतोबांनी ती नवी घेतली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात, फियाट अकराशेच्या साच्यावर बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, पुढं सलग बाक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे. त्यातली शेवटचीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. गाडी घेतल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आतोबा आत्तीला याच गाडीतून बेळगावला घेऊन आले होते. मजल दरमजल करत तीन दिवस. आत्ती स्वतःच्या गाडीतून माहेरी आली ती तेवढी एकदाच. गल्लीतली सगळी पोरं आम्ही त्या गाडीभोवती जमवली होती.

आतोबा जाऊन आता सहा वर्षं झाली. गाडी महिन्यातून एखादवेळ बाहेर निघते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते, ती मुदत पुन्हा जवळ आली होती. तपासणी, फी, त्याआधीची दुरुस्ती. स्टेशनवरून निघताना आतेभाऊ म्हणाला, "दादा, यंदा नाही करत. भंगारवाल्याशी बोलणं झालंय. रविवारी येतो तो."

"आत्तीला सांगितलंस?"

"सांगतो न. सण होऊन जाऊ द्या."

गावाबाहेर पडतो तोच आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. रस्त्याच्या खोलगट भागात पाणी साचलं होतं. समोरून एक ट्रक वेगात आला आणि त्यानं ते पाणी उचलून आमच्या बॉनेटवर फेकलं. गाडीनं दोन-तीन आचके दिले, फट् केलं, आणि उभी राहिली.

"एनात्री?" पत्नीनं मागून विचारलं.

"नीर होक्कैती," मी म्हटलं. पाणी शिरलं, एवढंच तेव्हा मला कळलं होतं.

आतेभाऊ सेल्फ मारायला गेला तेव्हा मी त्याचा हात धरला. मी आयुष्यभर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवलं. गाडीचं इंजिन उघडून पाहिलेलं नाही, पण पाणी दाबलं जात नाही हे पक्कं माहीत आहे. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल आणि आपण सेल्फ मारला तर पिस्टनला वर जायला जागा उरत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. विजेचा साधा बिघाड मग इंजिनाच्या खर्चावर जातो. रस्त्यावरच्या चार पोरांनी ढकलत गाडी एका गॅरेजपर्यंत नेली.

मिस्त्री साठीचे. शेड पत्र्याची, तिच्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. पाटी हिंदीत, बोलणं सगळं मराठीत. आपल्याकडं पाटीची भाषा बदलली की लिपीही बदलते, म्हणून लगेच डोळ्यात येते. इथं दोन्ही देवनागरी. दोन दिवस राहिल्यावरच कळतं की लिहायची भाषा एक आणि बोलायची दुसरी आहे.

"उद्या पोळा, परवा गोटमार," मिस्त्री म्हणाले. "दोन दिवस पान्याला हात नाही लावत जी. आज होईन तेवढं पाहून घेऊ."

पांढुर्ण्याची गोटमार वाचकांनी वर्तमानपत्रात वाचली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवून नेली आणि नदीत दोघांवर दगड पडले, अशी कथा सांगतात. मिस्त्रींच्या कपाळावर जुना व्रण होता. मी पाहतोय हे बघून ते नुसतं हसले.

त्यांनी प्रथम एअर फिल्टर उघडला. आतला कागद कोरडा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवली आणि नुसत्या डोळ्यांनी सगळं पाहिलं: फ्यूज, कॉइल, वायरी कुठं ओल्या, कुठं चिखल. घाई अशी नाहीच. आमच्याकडं कन्नडमध्येही 'सावकाश' म्हणतात, तोच शब्द मला आठवत राहिला.

मग तार परत जोडून त्यांनी एका प्लगची वायर काढली, लाकडी चिमट्यात धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ नेलं आणि आतेभावाला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन फिरलं. ठिणगी नाही.

"पेट्रोल हाय, हवा हाय, आग नाही," ते म्हणाले.

जुन्या गाडीत ही आग कशी तयार होते ते शाळेत मी दरवर्षी फळ्यावर काढायचो. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डिस्ट्रिब्यूटरमधले सीबी पॉइंट उघडतात त्या क्षणी तो प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. रोटर फिरत फिरत ते एकेका प्लगला वाटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरना मिळून सेकंदाला १०० ठिणग्या. पण इतका दाब असलेल्या विजेला ओलाव्याचा पातळ थरही वाट म्हणून पुरतो. प्लगपर्यंत जाण्याऐवजी ती कॅपच्या आतूनच लोखंडाकडं पळते. फळ्यावर हे काढायचो. समोर कधी पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून माझ्या हातात दिली. आत आरशावर श्वास सोडावा तसं धुकं. त्यांनी पोराला पिटाळलं, आणि पोरगं शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचं मशीन घेऊन आलं. कॅप, रोटर, चारही वायरींची टोकं, कॉइलचं तोंड, सगळं आधी सुती कापडानं टिपून मग गरम हवेनं सुकवलं. कॅपच्या आत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ आहे का, ते उजेडात धरून पाहिलं. तशी रेघ असली तर वीज तिथून पुन्हा पुन्हा गळते आणि कॅप बदलावीच लागते. आमची स्वच्छ निघाली. सीबी पॉइंटवरून पॉलिश पेपर हलका फिरवला. पुन्हा चिमटा, पुन्हा सेल्फ. टक् टक् टक्, निळी ठिणगी.

"निळी चिणगी आली म्हणजे गाडी जित्ती हाय जी," मिस्त्री म्हणाले. निघताना मात्र त्यांनी काचेशी वाकून सांगितलं, "लाइटाचं पाहून घ्याल. करंट कमी वाटून राहिला मले."

ते खरं ठरलं. सौसरच्या वाटेवर अंधार पडला. हेडलाइट लावले तर मेणबत्तीएवढा उजेड, आणि लाइट लागले की वायपर पेंगायला लागायचा. मोहगावच्या पुढं पाऊस थांबला म्हणून आम्ही पोहोचलो. आत्ती ओसरीवर बसून होती. "जेवून घ्या न की," ती म्हणाली. सौसरचं 'न' आणि बेळगावचं 'की', दोन्ही एका वाक्यात.

पोळ्याच्या सकाळी आतेभावानं गाडी चालू करायला चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. इंजिन जागचं हललं नाही. त्यानं गावातल्या एका बॅटरीवाल्याला फोन लावला. तो फोनवरच म्हणाला, बॅटरी गेली, अल्टरनेटर गेला, आणि एवढी जुनी गाडी म्हणजे वायरिंग सगळं नवीन टाका. आतेभावानं फोन ठेवला. "झालं दादा. आता पुरे."

आत्ती दारात उभी होती. हाताला पुरण लागलेलं. तिला रविवारचं कळलं होतं. कसं ते तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तुला झेपत नाही तर विक रे बाबा. मी काय म्हणू? पण तो माणूस येईल त्या दिवशी मला शेतावर नेऊन सोड." आणि आत गेली.

मला राहवलं नाही. शाळा सुटली तरी माझ्या बॅगेत एक मल्टिमीटर असतो. पत्नी त्याची चेष्टा करते. तो काढला.

आधी बॅटरी. काही चालू नसताना १२.५ व्होल्ट. चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, म्हणजे ही मेलेली नव्हती. मग आतेभावाला सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी पाहिलं: १२.१. इथं मी थबकलो. सेल्फला फार मोठा प्रवाह लागतो. तो वाहिला असता तर व्होल्टेज दहा-साडेदहापर्यंत खाली यायला हवं. आलं नाही, याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे, पण प्रवाह वाहतच नाही. वाट कुठंतरी अडली आहे.

तेवढ्यात आतेभाऊ ओरडला, "दादा, चोकचा खटका गरम झालाय!"

त्या गरम खटक्यानं मला उत्तर सांगितलं. गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला जाणारी तार वेगळी असते. परतीची तार बहुधा नसतेच. परत यायचं ते गाडीच्या लोखंडी अंगातून. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं. पण इंजिन रबराच्या बुशांवर बसलेलं, म्हणजे बॉडीपासून तुटक. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली एक पट्टी लावतात. ती पट्टी तुटली की सेल्फचा सगळा प्रवाह सापडेल त्या वाटेनं परत जायला बघतो, आणि चोकची बारीक केबल ही तशी एक वाट. एवढी वीज तिला पेलत नाही, ती तापते.

खात्री करायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या बोल्टवर धरलं. सेल्फ मारला. काटा नाही, आकडे असतात त्यात; साडेसहा दिसले. इथं खरं तर शून्याच्या आसपास, फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा. बारातले साडेसहा व्होल्ट परतीच्या वाटेतच संपत होते.

शेजाऱ्यांकडं ट्रॅक्टरची जंपर वायर होती. ट्रॅक्टरलाही त्या दिवशी हळदकुंकू लागलेलं. वायरीचा एक चिमटा निगेटिव्हला, दुसरा इंजिनाला लावला. पहिल्याच झटक्यात गाडी चालू झाली. अंगणातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पट्टी इंजिनाखाली चिखलात बुडालेली होती. काढून धुतली तर एका टोकाला हिरवी पूड, आणि शंभरेक तारांमधल्या चार-पाच शिल्लक. ती काही एका पावसात गेलेली नव्हती. वर्षानुवर्षं तिथं पाणी झिरपत होतं. कालच्या पावसानं आणि रस्त्याच्या हिसक्यांनी उरलेलं काम केलं. अल्टरनेटरही इंजिनावरच असतो, त्यामुळे त्याच्या विजेलाही परतीला तीच पट्टी. म्हणून काल रात्री दिवे मेणबत्तीसारखे होते. अल्टरनेटर बिचारा ठणठणीत होता. मिस्त्रींनी बरोबर हेरलं होतं. पावसाळी संध्याकाळी शोधायला वेळ नव्हता इतकंच.

दुकानं बंद. शेजाऱ्यांनीच जाड वायरीचा तुकडा दिला, दोन्ही टोकांना पितळी लग बसवलेला. जिथं बसवायचा तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन थापलं म्हणजे ओल लागू नये. मीटरवर पुन्हा पाहिलं. सेल्फ मारताना ०.२. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.९. ही संख्या साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असली की चार्जिंग ठीक समजावं. एकूण खर्च काही नाही. आतेभाऊ गप्प होता.

दुपारी पंगत बसली. तिकडं पुरणपोळीबरोबर कढी करतात. आत्तीनं कढी केली होतीच, पण आमच्यासाठी कट्टिन सारूही. पत्नीनं वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले, झुली, शिंगांना रंग, झडत्या झाल्या. गावात बैलजोड्या पूर्वीइतक्या उरल्या नाहीत, असं आत्ती म्हणाली. ज्यांच्याकडं आहेत त्यांचे पाय तिनं दारात धुतले.

दुसरा दिवस शनिवार. तिकडं पांढुर्ण्यात गोटमार असल्यानं त्या बाजूला जायचं नव्हतंच. आत्ती म्हणाली, जामसावळीला जाऊ. सौसरपासून काही किलोमीटरवर हे मारुतीचं स्थान आहे. मूर्ती उभी नाही, निजलेली. शनिवार म्हणून गर्दी खूप. आत्ती पुढच्या बाकावर खिडकीच्या कडेला बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. माझ्या पत्नीनं "अत्ती, मी बसू का मध्ये?" विचारलं, तेव्हा तिनं मान हलवली. "बस की. तुझे आतोबा गाडी चालवायचे तेव्हा मी मध्येच बसायची. कडेचं मला भ्या वाटायचं."

परतताना ती आतेभावाला म्हणाली, "बेळगावला नेशील काय रे एकदा?"

"आधी आरटीओ पाहू आई," तो म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

वाचकहो, तुमच्याही परसात अशी एखादी जुनी गाडी असेल. मोठ्या पावसानंतर ती बंद पडली तर इतकं करा. आधी एअर फिल्टर उघडून पाणी आहे का बघा, ओला असेल तर सेल्फ मारू नका. तारा हाताळण्याआधी निगेटिव्ह सोडवा. चालू इंजिनाच्या प्लग वायरीला हात लावू नका. ठिणगी नसेल तर आधी सुकवा, बदलायचं नंतर. आणि दिवे मंद, सेल्फ मंद, वायपर मंद, असं सगळंच एकदम मंद झालं तर बॅटरी घ्यायला धावण्याआधी अर्थिंगची पट्टी शोधा. अलीकडच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, तिथं हे घरचे प्रयोग करू नयेत. पाऊस थांबला म्हणजे धोका गेला असंही नाही. गंज हळू चढतो आणि बिघाड महिन्यानं वर येतो.

तो रविवारी भंगारवाला आला नाही. आतेभावानं त्याला फोन करून थांबवलं होतं. नवरात्रात त्याचा मला फोन आला. दोन दिवस पाऊस लागला होता, गाडी उघड्यावर होती, तरी एका सेल्फमध्ये चालू झाली म्हणाला.

"आणि भंगारवाल्याचा नंबर?" मी विचारलं.

"आहे अजून मोबाइलमध्ये. खोटं कशाला बोलू दादा," तो म्हणाला. "पण आईनं व्हॅसलीनची नवी डबी आणून डॅशबोर्डवर ठेवलीय."